इंग्रजी वाक्यातलं विशेषण कसं ओळखायचं? इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबागेत आणि आसपास मी बरीच वर्षं मराठी घरांतल्या मुलांना इंग्रजी शिकवते. ही मुलं घरी मराठी बोलतात, गल्लीत हिंदी, आणि शाळेत इंग्रजीचं पुस्तक उघडतात. तिन्ही भाषांचं व्याकरण त्यांच्या डोक्यात एकत्र नांदतं. त्यामुळे गोंधळ होतो, पण मदतही होते. मुलं आणि त्यांचे आई-वडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

शाळेत 'संज्ञा' म्हणतात, आजी 'नाम' म्हणते, इंग्रजीच्या तासाला 'नाउन'. तिन्ही एकच का?

हो, एकच. हिंदी व्याकरणातली संज्ञा म्हणजे मराठीतलं नाम. मराठीत 'संज्ञा' म्हणजे ठरावीक अर्थाचा पारिभाषिक शब्द, किंवा शुद्ध, भान. म्हणून आजी तो शब्द ऐकून थबकते. हिंदीतली 'क्रिया' म्हणजे मराठीत क्रियापद, इंग्रजीत व्हर्ब. हिंदीतलं समुच्चयबोधक म्हणजे आपलं उभयान्वयी अव्यय, इंग्रजीत कंजंक्शन. विस्मयादिबोधक म्हणजे केवलप्रयोगी अव्यय, इंग्रजीत इंटरजेक्शन. सर्वनाम, विशेषण आणि क्रियाविशेषण ही नावं हिंदी-मराठीत सारखीच आहेत, तेवढं मुलांचं ओझं कमी.

प्रीपोझिशनला हिंदीत संबंधबोधक म्हणतात आणि मराठीत शब्दयोगी अव्यय. इथे मात्र जपून. शब्दयोगी म्हणजे शब्दाला जोडून येणारं. 'टेबलाखाली' यात 'खाली' मागून येऊन चिकटतं. इंग्रजीत 'अंडर द टेबल', म्हणजे तो शब्द आधी येतो आणि सुटा राहतो. काम एकच, जागा उलटी.

कोणता शब्द नाउन, कोणता ॲडजेक्टिव्ह, याची यादी पाठ केली तर चालेल का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. शब्दाची जात शब्दाला कायमची चिकटलेली नसते. त्या वाक्यात तो शब्द काय काम करतो, त्यावरून ती ठरते.

'राउंड' हा शब्द घ्या. 'अ राउंड टेबल' मध्ये तो टेबलाचा आकार सांगतो, म्हणून विशेषण. 'शी वन द फर्स्ट राउंड' मध्ये तो एका फेरीचं नाव आहे, म्हणून नाम. 'द बस राउंडेड द कॉर्नर' मध्ये क्रियापद. 'द व्हील गोज राउंड' मध्ये चाक कसं फिरतं ते सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. आणि 'दे वॉक्ड राउंड द टेंपल' मध्ये प्रीपोझिशन. खजराना गणपतीला प्रदक्षिणा घालणाऱ्या प्रत्येकाने हे पाचवं वाक्य प्रत्यक्ष केलेलं आहे.

हे काही इंग्रजीचंच वैशिष्ट्य नाही. मराठीतला 'वर' पाहा. लग्नात उभा राहतो तो वर हे नाम. 'वर ये' मधला वर हे क्रियाविशेषण. 'घरावर' मधला वर शब्दयोगी. मराठीत आपण हे न शिकता करतो. मुलाला आधी हे दाखवा, म्हणजे इंग्रजीतल्या 'राउंड'ची भीती वाटत नाही.

मग वाक्यात विशेषण नक्की कसं शोधायचं?

बहुतेक पुस्तकं सांगतात, 'कसा?' असा प्रश्न विचारा. मराठी मुलासाठी ही पद्धत धोक्याची आहे, कारण मराठीत 'कसा' दोन्हीकडे चालतो. मुलगा कसा आहे? उंच आहे. मुलगा कसा धावतो? जोरात धावतो. पहिलं उत्तर विशेषण, दुसरं क्रियाविशेषण, आणि प्रश्नातला शब्द तोच.

म्हणून मी मुलांना कॉपीत बाण काढायला लावते. संशयित शब्दाखाली रेघ मारायची आणि तो ज्या शब्दाबद्दल सांगतो आहे त्याच्यापर्यंत बाण न्यायचा. बाण नामावर किंवा सर्वनामावर पोहोचला तर तो शब्द विशेषण. बाण क्रियापदावर, दुसऱ्या विशेषणावर किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणावर गेला तर क्रियाविशेषण. 'द व्हेरी ओल्ड पॅलेस' यात 'ओल्ड'चा बाण 'पॅलेस'वर जातो. 'व्हेरी'चा मात्र 'ओल्ड'वर जातो, कारण खूप काय, तर जुना. राजवाड्याकडे बोट दाखवून 'व्हेरी पॅलेस' असं कुणी म्हणणार नाही.

बाण काढल्यावर खात्री करून घ्यायला तीन चाचण्या आहेत. शब्द 'द' आणि नाम यांच्या मध्ये बसतो का? त्याच्या आधी 'व्हेरी' लागतं का? त्याला 'टॉलर, टॉलेस्ट' किंवा 'मोर, मोस्ट' असे चढत्या तुलनेचे रूप आहे का? बहुतेक विशेषणं तिन्हींत पास होतात, सगळी नाही. 'मेन रोड' मधलं 'मेन' विशेषणच आहे, पण 'व्हेरी मेन' होत नाही. 'अस्लीप'ही विशेषण आहे, पण 'द अस्लीप बॉय' असं इंग्रजीत म्हणत नाहीत, 'द बॉय इज अस्लीप' असंच म्हणतात. 'अवेक', 'अलाइव्ह', 'अफ्रेड' हेही त्याच घरातले. त्यामुळे एका चाचणीत नापास झाला म्हणून शब्दाला बाहेर काढू नका.

माझी मुलगी 'शी सिंग्ज गुड' लिहिते. शंभरदा सांगितलं तरी 'वेल' येत नाही. असं का होतं?

कारण ती मराठीत बरोबर विचार करते आहे.

मराठीत आपण म्हणतो, 'ती चांगली मुलगी आहे' आणि 'ती चांगली गाते'. दोन्हीकडे 'चांगली'. मुलगा असेल तर 'तो चांगला गातो'. म्हणजे गाण्याबद्दल सांगणारा शब्दसुद्धा मराठीत गाणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो, जणू तो त्या माणसाचंच विशेषण आहे. हिंदीत 'वह अच्छा गाती है' असं म्हणतात, तिथे 'अच्छा' बदलत नाही, पण शब्द तोच राहतो. दोन्ही भाषांत या मुलीला वेगळा शब्द शोधायची गरज कधी पडलेली नाही. इंग्रजीत पडते. मुलगी 'गुड', गाणं 'वेल'.

नुसतं 'वेल लिही' म्हणून हे सुटत नाही. तिला आधी मराठी वाक्य विचारा. 'ती चांगली गाते' यात चांगलं काय आहे, ती की तिचं गाणं? मूल क्षणभर थांबतं आणि म्हणतं, गाणं. मग बाण 'सिंग्ज'वर. तिथे 'वेल'. दहा-पंधरा वाक्यं अशी झाली की हात आपोआप थांबायला लागतो. या चुकीवर रागावू नका, ही मातृभाषा पक्की असल्याची खूण आहे.

एक गुंता आणखी आहे. 'हाउ आर यू?' याला 'आय ॲम वेल' म्हणतात तेव्हा 'वेल' म्हणजे प्रकृती बरी आहे, आणि तिथे ते विशेषण आहे.

'द पोहा स्मेल्स गुड' मध्ये 'स्मेल्स' क्रियापद आहे. मग तिथेही 'वेल' नको का?

नको. 'गुड'च बरोबर, आणि हा प्रश्न विचारणारं मूल नीट वाचतं आहे.

इंग्रजीत काही क्रियापदं फक्त सांधा जुळवतात. 'बी'ची सगळी रूपं, जसं 'ॲम, इज, आर, वॉज, वेअर', शिवाय 'सीम', 'बिकम', आणि इंद्रियांची क्रियापदं 'लुक, फील, स्मेल, टेस्ट, साउंड'. यांच्यानंतर येणारा शब्द बहुतेक वेळा कर्त्याचं वर्णन करतो. वास घेण्याची क्रिया पोहे करत नाहीत. पोहे कसे आहेत, ते सांगायचं आहे. म्हणून बाण 'पोहा'वर.

ओळखायची सोपी रीत म्हणजे ते क्रियापद काढून 'इज' घालून पाहा. 'द पोहा इज गुड' जमतं, तर पुढचा शब्द विशेषण. 'माय अंकल टेस्टेड द जलेबी केअरफुली' घ्या. 'माय अंकल वॉज द जलेबी केअरफुली' याला काही अर्थच नाही. इथे काकांनी खरोखर चव घेतली, म्हणून 'केअरफुली' क्रियाविशेषण. 'शी लुक्ड अँग्री' म्हणजे ती रागावलेली दिसली. 'शी लुक्ड अँग्रिली ॲट द डॉग' म्हणजे तिने कुत्र्याकडे रागाने पाहिलं. एका शेपटीचा फरक, पण बाणाची दिशा बदलली.

वाक्याचं मराठी करून जात ओळखली तर?

अर्थ कळायला मराठी जरूर करा. जात ओळखायला करू नका.

'आय ॲम हंग्री' याचं मराठी 'मला भूक लागली आहे'. मराठीत 'भूक' हे नाम आहे. इंग्रजीत 'हंग्री' हे विशेषण आहे, 'व्हेरी हंग्री' म्हणता येतं, 'अ हंग्री चाइल्ड' म्हणता येतं. 'आय ॲम लेट' म्हणजे 'मला उशीर झाला', पुन्हा मराठीत नाम आणि इंग्रजीत विशेषण. 'ही इज अफ्रेड ऑफ डॉग्ज' म्हणजे 'त्याला कुत्र्यांची भीती वाटते', तीच गोष्ट. 'शी इज अस्लीप' म्हणजे 'ती झोपली आहे', मराठीत क्रियापद. 'आय ॲम टायर्ड' म्हणजे 'मी दमलो', तेही क्रियापद.

उलटही होतं. 'आय नीड अ पेन' यात 'नीड' साधं क्रियापद आहे. मराठीत आपण 'पेन हवं', 'वही हवी', 'डबा हवा' म्हणतो, आणि 'हवा' वस्तूच्या लिंगाप्रमाणे विशेषणासारखा बदलतो.

मराठीत भूक लागते, झोप येते, राग येतो, थंडी वाजते, भीती वाटते. या सगळ्या गोष्टी बाहेरून माणसाकडे येतात, म्हणून माणसाला 'ला' लागतो आणि त्या गोष्टी नामं होतात. इंग्रजीत माणूस स्वतःच हंग्री, स्लीपी, अँग्री, कोल्ड, अफ्रेड असतो. दोन भाषा जगाकडे वेगळ्या बाजूने बघतात. मला स्वतःला हा फरक शिकवायला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो कळला की मुलं इंग्रजीचं मराठी भाषांतर चाचपडणं सोडतात आणि इंग्रजी वाक्याकडे सरळ पाहायला लागतात.

शेवटी 'ली' असेल तर ते क्रियाविशेषण, बरोबर ना?

बऱ्याचदा, नेहमी नाही. 'फ्रेंडली, लव्हली, लोनली, सिली, अग्ली, एल्डर्ली' ही सगळी विशेषणं. 'डेली' दोन्ही होतं. 'अ डेली न्यूजपेपर' मध्ये विशेषण, 'शी प्रॅक्टिसेस डेली' मध्ये क्रियाविशेषण. आणि 'फास्ट', 'हार्ड', 'लेट' यांना शेपूट नसूनही ती क्रियाविशेषणं होतात. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कष्ट करतो. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही. निबंधात हा एक शब्द चुकला तर कौतुकाची तक्रार होते.

'माय', 'धिस', 'थ्री', 'द' हे विशेषण आहेत की डिटरमिनर? मुलाच्या सरांचं आणि माझं यावरून एकमत होत नाही.

तुम्ही ज्या काळात शिकलात त्या काळाच्या पुस्तकात 'माय' हे पझेसिव्ह ॲडजेक्टिव्ह होतं, 'धिस' डेमॉन्स्ट्रेटिव्ह ॲडजेक्टिव्ह होतं, आणि 'अ, ॲन, द' ही आर्टिकल्ससुद्धा विशेषणांतच धरत. आता सीबीएसईच्या वर्गांत यांना डिटरमिनर, म्हणजे नामाआधी येऊन ते कोणतं, कुणाचं, किती हे ठरवणारे शब्द, म्हणून वेगळं शिकवतात. त्यामागे कारण आहे. 'व्हेरी माय' होत नाही, 'द बुक इज द' होत नाही, आणि 'माय धिस बुक' असे दोन एकत्र बसत नाहीत. 'बिग रेड बुक' मध्ये विशेषणं मात्र आरामात एकापुढे एक बसतात. माझ्या मते वेगळा गट करणंच योग्य आहे. परीक्षेत मात्र मुलाच्या पुस्तकात जे नाव छापलं आहे तेच लिहावं.

'धिस' एकटा उभा असेल तर तो सर्वनाम. 'धिस इज माय सिस्टर' मध्ये प्रोनाउन. 'धिस गर्ल इज माय सिस्टर' मध्ये त्याच्यापुढे नाम आहे, म्हणून डिटरमिनर, जुन्या भाषेत विशेषण.

'स्कूल बस' मध्ये 'स्कूल' बसबद्दल सांगतं. मग ते विशेषण?

काम विशेषणासारखं, जात नामाची. 'व्हेरी स्कूल बस' होत नाही, 'द बस इज स्कूल' होत नाही. काही शालेय पुस्तकं याला विशेषणासारखं वापरलेलं नाम म्हणतात, आणि ते वर्णन ठीक आहे.

इथे मराठी उपयोगी पडते. आपण सहसा दोन नामं अशी शेजारी ठेवत नाही, मध्ये चा-ची-चे घालतो. शाळेची बस, सोन्याची साखळी, सुताची साडी. इंग्रजीत 'स्कूल बस', 'गोल्ड चेन', 'कॉटन सारी'. मराठी करताना चा-ची-चे आलं की पहिला शब्द बहुधा नाम आहे असा संशय घ्या. सराफ्यात दिवसा विकली जाते ती 'गोल्ड चेन', आणि संध्याकाळच्या उन्हाचा रंग 'गोल्डन'. 'गोल्डन' हे खरं विशेषण.

'बोरिंग' आणि 'बोर्ड' मध्ये मुलं का अडकतात?

'आय ॲम बोरिंग' म्हणणारं मूल स्वतःलाच कंटाळवाणं म्हणत असतं. ज्याच्यामुळे भावना होते ते 'इंग', ज्याला होते ते 'एड'. 'द मूव्ही वॉज बोरिंग, सो वी वेअर बोर्ड.'

'इंग'चं रूप विशेषण आहे की क्रियापद, हे 'व्हेरी' लावून बहुतेक वेळा कळतं. 'द स्टोरी इज व्हेरी इंटरेस्टिंग' चालतं, म्हणून विशेषण. 'द बेबी इज व्हेरी क्राइंग' चालत नाही, म्हणून 'इज क्राइंग' हे अख्खं क्रियापद. आणि 'स्विमिंग पूल'मध्ये पूल पोहत नाही, ती पोहण्याची जागा आहे, तिथे 'स्विमिंग' नामासारखं आहे. 'अ स्विमिंग चाइल्ड'मध्ये मूल खरंच पोहतंय, तिथे विशेषणासारखं.

'बिफोर' कधी प्रीपोझिशन, कधी कंजंक्शन, कधी ॲडव्हर्ब. कसं ओळखायचं?

पुढे काय आहे ते पाहा. 'बिफोर दिवाळी' मध्ये पुढे नुसतं नाम आहे, म्हणून प्रीपोझिशन. 'बिफोर दिवाळी कम्स' मध्ये पुढे कर्ता आणि क्रियापद असलेलं वाक्य आहे, म्हणून कंजंक्शन. 'आय हॅव सीन धिस बिफोर' मध्ये पुढे काहीच नाही, म्हणून ॲडव्हर्ब. 'आफ्टर' आणि 'सिन्स' यांनाही हीच रीत लागू पडते. 'अप'चंही तसंच: 'ही वेंट अप द स्टेअर्स' प्रीपोझिशन, 'ही वेंट अप' ॲडव्हर्ब.

मराठी मुलाला दुसरा प्रकार जड जातो, त्याचं कारण आपल्या भाषेत आहे. आपण 'दिवाळी येण्यापूर्वी' म्हणतो, म्हणजे 'येतं' या क्रियापदाचं आधी 'येणं' असं नाम करतो आणि मग त्याला 'पूर्वी' जोडतो. मराठीत तिथे शब्दयोगीच राहतो. इंग्रजी क्रियापदाला हात लावत नाही, म्हणून जोडणारा शब्द कंजंक्शन होतो.

'द पुअर' मध्ये पुढे नाम नाही. तिथे काय?

'द पुअर' म्हणजे गरीब लोक. विशेषण नामाच्या जागी बसलं आहे. मराठीतही 'गरिबांना मदत करा' म्हणतोच.

तीन-चार विशेषणं एकत्र आली तर क्रम काय?

साधारणपणे आधी मत, मग आकारमान, वय, रंग, मूळ ठिकाण आणि शेवटी ज्याचं बनवलं ते. 'अ ब्यूटिफुल ओल्ड रेड माहेश्वरी कॉटन सारी'. 'कॉटन ओल्ड ब्यूटिफुल' म्हटलं तर अर्थ कळेल, पण कान लगेच चुकचुकेल.

पार्ट्स ऑफ स्पीच आठच का?

आठाची परंपरा ग्रीकांकडून आली. डायोनिशियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या ग्रीक व्याकरणात आठ शब्दजाती आहेत. त्यांत विशेषण वेगळं नाही, ते नामातच धरलेलं आहे. लॅटिनमध्ये आर्टिकल नव्हतं, तिथल्या व्याकरणकारांनी उद्गाराची जात धरून आठ पूर्ण केले. विशेषण नामापासून वेगळी जात म्हणून इंग्रजी व्याकरणांत रुळलं ते अठराव्या शतकात.

आपल्याकडे यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या प्राचीन ग्रंथात, चारच सांगितल्या: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्ययं). दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं, आणि त्या काळापासून मराठी व्याकरणाच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाप पडत गेली. म्हणूनच आजीच्या पुस्तकातल्या आठ जाती आणि नातवाच्या पुस्तकातले आठ पार्ट्स इतके मिळतेजुळते दिसतात. मोठ्या वर्गातल्या मुलांना हे जरूर सांगा. आठ हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, माणसांनी भाषेकडे बघून ठरवलेला आहे. डिटरमिनर वेगळा करणारे लोक तेच काम पुढे नेत आहेत.

माझं इंग्रजी कच्चं आहे. घरी मुलाचा सराव कसा घेऊ?

रोज एकच वाक्य घ्या, पण पूर्ण सोडवा. प्रत्येक शब्दाला काम विचारा आणि बाण काढायला लावा. तुम्हाला उत्तर माहीत असण्याची गरज नाही, 'हा शब्द कशाबद्दल सांगतो?' एवढंच विचारत राहा. अडलं तर शब्दकोश उघडा. तिथे एकाच शब्दापुढे दोन-तीन जाती दिलेल्या दिसतील, वाक्यात बसणारी कोणती ते मुलाला ठरवू द्या.

एक वाक्य इथे सोडवून दाखवते. त्यातला सराफा म्हणजे इंदूरचा सोन्या-चांदीचा बाजार, जिथे रात्री खाण्याची दुकानं लागतात, आणि गराडू म्हणजे तिथे तळून मिळणारा कंद. 'ऑन कोल्ड नाइट्स हंग्री पीपल वॉक स्लोली थ्रू सराफा अँड ईट हॉट गराडू.'

'ऑन' प्रीपोझिशन. 'कोल्ड'चा बाण 'नाइट्स'वर, म्हणून विशेषण. 'नाइट्स' नाम. 'हंग्री'चा बाण 'पीपल'वर, विशेषण, मराठीतली 'भूक' मध्ये आणू नका. 'पीपल' नाम. 'वॉक' इथे क्रियापद, 'अ लाँग वॉक' मध्ये ते नाम झालं असतं. 'स्लोली'चा बाण 'वॉक'वर, क्रियाविशेषण. 'थ्रू' प्रीपोझिशन, 'सराफा' नाम. 'अँड' कंजंक्शन, ते 'वॉक' आणि 'ईट' यांना जोडतं. 'ईट' क्रियापद, 'हॉट' विशेषण, 'गराडू' नाम.

हे झालं की शेवटचे दोन शब्द उलटे करून पुन्हा विचारा: 'दे ईट गराडू हॉट'. आता 'हॉट' क्रियापदाच्या बाजूला सरकलं, मागे 'ईट' आहे आणि पुढे नाम नाही. बहुतेक मुलं घाईत क्रियाविशेषण म्हणतात. बाण काढायला लावा. गरम काय आहे, खाणं की गराडू? गराडू. म्हणजे 'हॉट' तिथेही विशेषणच.